सापळ्यांची वाट : बर्फाळ किनाऱ्यावरचा एकांडा शिकारी

फरसाठी शिकार करणाऱ्या माणसाची गोष्ट निघाली की ऐकणारा हमखास विचारतो, "महिनोन्‌महिने सूर्यच उगवत नाही, अशा काळोखात एकटा माणूस कोल्हा शोधतो तरी कसा?"

तो शोधतच नाही. कोल्ह्याच्या मागे धावून माणूस कधीच जिंकत नाही. त्याऐवजी तो कोल्ह्याच्या येण्याजाण्याच्या रस्त्यावर सापळे मांडतो आणि ठरावीक दिवसांनी ते तपासून येतो. पकडण्याचं काम सापळा करतो. माणसाचं काम चालण्याचं, आणि चालून जिवंत परत येण्याचं. म्हणून या धंद्याचं खरं गणित बंदुकीत किंवा नेमबाजीत नसून पायांत आहे. ते गणित या प्रकरणात टप्प्याटप्प्याने मांडू.

१. हे चालतं कुठे?

असे शिकारी कॅनडा, ग्रीनलंड, सायबेरिया अशा बऱ्याच ठिकाणी होते. आपण एकच जागा घेऊ : स्वालबार्ड. नॉर्वेची मुख्य भूमी आणि उत्तर ध्रुव यांच्या साधारण मध्यावर हा द्वीपसमूह आहे. क्षेत्रफळ सुमारे ६१,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा पाचवा हिस्सा. त्यातली निम्म्याहून जास्त जमीन हिमनद्यांखाली आहे आणि झाड एकही नाही.

अठराव्या शतकात रशियाच्या श्वेत समुद्राकाठचे पोमोर शिकारी इथे हिवाळा काढत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नॉर्वेजियन शिकारी येऊ लागले आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांत हा धंदा भरात आला. हिल्मार नोइस या शिकाऱ्याने इथे तब्बल ३८ हिवाळे काढले. सासेन फ्योर्डच्या, म्हणजे जमिनीत आत शिरलेल्या समुद्राच्या खाडीच्या, काठी त्याने १९२४ मध्ये बांधलेलं 'फ्रेडहाइम' हे घर आजही आहे. समुद्र किनारा खात चालल्यामुळे ते २०१५ मध्ये थोडं मागे सरकवावं लागलं.

या दूरच्या बेटांशी आपला एक धागा आहे. स्वालबार्डवर नॉर्वेचं सार्वभौमत्व मान्य करणारा करार १९२० साली पॅरिसला झाला, तेव्हा सही करणाऱ्यांत ब्रिटिश अमलाखालचा हिंदुस्थानही होता. २००८ पासून तिथल्या नी-ओलेसुंद गावात भारताचं 'हिमाद्री' हे संशोधन केंद्र आहे. त्याचा कारभार गोव्यातून, वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो.

२. हिवाळाच का, आणि किनाराच का?

हिवाळा कातडीसाठी. आर्क्टिक कोल्हा जेमतेम तीन-चार किलोचा. उन्हाळ्यात तो तपकिरी, विरळ केसांचा आणि किरकोळ दिसतो. शरद ऋतूत त्याचे केस बदलतात. आतला मऊ थर दाट होतो, त्यावर लांब केस येतात आणि अंग पांढरं होतं. काही कोल्हे बारा महिने गडद, निळसर राखाडी राहतात. त्यांच्या कातड्याला भाव जास्त, पण स्वालबार्डवर ते कमी. हिवाळ्याचं हे पांघरूण इतकं उबदार असतं, की उणे ४० अंशांच्या आसपासही हा प्राणी कुडकुडत नाही. नोव्हेंबर उलटला की फर पुरती भरते आणि वसंताची चाहूल लागताच गळायला लागते. विकाऊ माल मिळतो तो याच मधल्या साडेतीन-चार महिन्यांत.

किनारा कोल्ह्याच्या पोटासाठी. इतर ध्रुवीय प्रदेशांत कोल्हा लेमिंग नावाच्या उंदरांवर जगतो. स्वालबार्डवर लेमिंग नाहीत. उन्हाळ्यात समुद्रकड्यांवर लाखो पक्षी घरटी करतात, तेव्हा कोल्ह्याची चंगळ असते आणि उरलंसुरलं तो पुरून ठेवतो. हिवाळ्यात पक्षी निघून गेले की त्याला उरतं ते मेलेलं रेनडियर, लाटांनी काठावर टाकलेला सील, नाहीतर अस्वलाने खाऊन सोडलेली शिकार. यातलं बरंचसं पाण्याच्या कडेला सापडतं. म्हणून कोल्हा किनारा धरून फिरतो, आणि सापळ्यांची वाटही किनारा धरूनच जाते.

किनाऱ्याचा आणखी एक फायदा म्हणजे लाकूड. झाड नसलेल्या बेटावर शेकोटी पेटते ती सायबेरियाच्या कृपेने. तिथल्या मोठ्या नद्यांतून वाहून आलेले ओंडके समुद्राच्या बर्फात अडकतात आणि काही वर्षं प्रवास करून स्वालबार्डच्या काठाला लागतात. झोपडी, सापळा, सरपण सगळं त्याच लाकडाचं.

३. सापळा काम कसा करतो?

स्वालबार्डचा पारंपरिक सापळा साधा आहे. लाकडी दांडक्यांची एक चौकट घ्यायची. तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकून जड दगड रचायचे. चौकटीची एक कड जमिनीवर टेकवायची आणि दुसरी बारीक काटक्यांवर उचलून धरायची. काटक्यांना चाकूने खाचा पाडलेल्या असतात आणि त्या एकमेकींत अशा अडकवतात, की सगळा भार पेलला जातो. त्यातली एक काटकी आत, चौकटीखाली जाते. तिच्या टोकाला आमिष, बहुधा रानकोंबडीसारख्या टार्मिगन पक्ष्याचं मुंडकं.

कोल्हा आत शिरून आमिष ओढतो. खाच सुटते आणि चौकट कोसळते. भार पुरेसा असेल तर प्राणी जागीच मरतो. दगड कमी पडले तर तो अर्धमेला अडकतो, धडपडतो, त्याचे हाल होतात आणि कातडंही खराब होतं. म्हणून दगड मोजूनमापून रचावे लागतात. बंदुकीच्या गोळीने कातड्याला भोक पडतं, या सापळ्याने ते अखंड राहतं. दगडाचा सापळा टिकला तो यामुळे.

सापळ्याची तयारी हिवाळ्याआधीच होते. एकदा जमीन गोठली की दगड जागचे हलत नाहीत. जागा निवडताना वारा पाहायचा. खोलगट जागेत सापळा बर्फाखाली गडप होतो. वाऱ्याने झाडून निघालेला उंचवटा मोकळा राहतो, आणि कोल्हाही आजूबाजूचं दिसावं म्हणून अशाच उंचवट्यांवरून जातो.

४. वाट किती लांब असावी?

आता मुख्य गणित. नवख्याला वाटतं, जितके सापळे जास्त तितके कोल्हे जास्त. हे खरं नाही. का, ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, शिकाऱ्याचं मुख्य घर किनाऱ्याच्या एका टोकाला आहे. स्कीवर, मागे छोटी घसरगाडी ओढत, अंधारात तो तासाला सुमारे ३ किलोमीटर चालतो. दिवसाला १५ किलोमीटर धरले, तर ५ तास चालणं. त्या टप्प्यात १० सापळे आहेत. प्रत्येकाला १० मिनिटं : बर्फ उकरायचा, आमिष बदलायचं, काटक्या पुन्हा बसवायच्या. म्हणजे आणखी १०० मिनिटं. एकूण झाले जवळजवळ पावणेसात तास. मुक्कामी पोचल्यावर स्टोव्ह पेटवणं, बर्फ वितळवून पाणी करणं, ओले कपडे वाळवणं उरतंच. एका माणसाचा दिवस इथे संपतो.

म्हणून दर पंधराएक किलोमीटरवर एक छोटी झोपडी लागते. पालखीचे मुक्काम जसे वारकऱ्याच्या एका दिवसाच्या चालीवर बेतलेले असतात, तशाच या झोपड्या. एक बाकडं, एक स्टोव्ह आणि माणूस जेमतेम उभा राहील एवढी उंची. लहान असते ती मुद्दाम, कारण लहान खोली लवकर तापते.

अशा चार झोपड्या धरल्या तर वाट ६० किलोमीटरची आणि सापळे ४०. जायला ४ दिवस, यायला ४ दिवस. वादळात अडकण्याचे २ दिवस धरलेच पाहिजेत. झाले १०. घरी परतल्यावर कातडी साफ करणं, लाकूड फोडणं, कपडे सांधणं यांत ४ दिवस. म्हणजे एक फेरी १४ दिवसांची.

आता आणखी दोन झोपड्या वाढवू. वाट ९० किलोमीटर, सापळे ६०. नुसतं चालणंच १२ दिवसांचं, वादळाचे ३, घरचे ४. फेरी १९ दिवसांवर गेली. तेवढे दिवस टोकाच्या सापळ्यात पडलेल्या कोल्ह्याला दुसरे कोल्हे कुरतडतात, अस्वल उचलून नेतं किंवा तो बर्फात गाडला जातो. पडलेला सापळा पुन्हा मांडेपर्यंत रिकामाच राहतो. सापळे दीडपट झाले, पण हाती येणारी चांगली कातडी दीडपट होत नाहीत. शिवाय घरापासून सर्वांत लांबचं अंतर ६० वरून ९० किलोमीटर झालं. पाय मुरगळला तर तेवढं परत यायचं आहे.

दोघे जण असतील तर वाट दोन्ही दिशांना वाढवता येते. एकट्याला ते जमत नाही. सापळ्यांची संख्या कोल्हे किती आहेत यावरून नव्हे, तर परतीच्या अंतरावरून ठरते.

५. चंद्राचं वेळापत्रक

लाँगइयरब्येन या स्वालबार्डच्या मुख्य गावी ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येत नाही. त्यातले नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंतचे दिवस तर दुपारीही काळोखे. मग ६० किलोमीटर चालायचं कोणत्या उजेडात?

चांदण्यात. आपल्याकडे मार्गशीर्ष-पौषातला पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्री जवळजवळ डोक्यावर येतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. त्याचं कारण सरळ आहे. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणजे तो उत्तरेकडे कलतो. आपल्याकडे याचा परिणाम म्हणून चंद्र उंच चढतो. ७८ अंश उत्तरेला परिणाम आणखी मोठा. तिथे पौर्णिमेच्या आसपास चंद्र मावळतच नाही. आठवडाभर किंवा थोडा जास्तच काळ तो आकाशात गोल गोल फिरत राहतो. जमिनीवरचा बर्फ तो उजेड परतवतो आणि डोंगरांच्या सावल्यासुद्धा स्पष्ट दिसतात. उलट अमावस्येच्या सुमारास चंद्र तितकेच दिवस क्षितिजाखाली असतो.

मघाचं गणित इथे पुन्हा भेटतं. आठ दिवसांचं चालणं चंद्राच्या या मुक्कामात बसतं, बारा दिवसांचं बसत नाही. चौदा दिवसांना एक म्हणजे महिन्याला दोन फेऱ्या, त्यातली एक चांदण्यात. दुसरी करायची तर कंदील घेऊन, आणि बहुधा जवळच्या दोन झोपड्यांपुरती. ढग आले तर हा सगळाच हिशेब कोलमडतो.

६. बर्फाचा रस्ता

किनाऱ्याने चालायचं म्हणजे नेमकं कशावरून? भरतीचं पाणी काठावर थराथराने गोठत जातं आणि खडकाला चिकटलेला बर्फाचा सपाट कट्टा तयार होतो. तो जमिनीला धरून असल्यामुळे समुद्र हलला तरी हलत नाही. हाच शिकाऱ्याचा रस्ता.

कट्टा संपतो तिथे धोका सुरू होतो. समोर सरळ कडा किंवा हिमनदीचं तोंड आलं की समुद्राच्या बर्फावर उतरावं लागतं. कट्टा आणि समुद्राचा बर्फ यांच्यामध्ये भरती-ओहोटीमुळे एक भेग कायम उघडमीट करत असते. ताज्या बर्फाने झाकलेली ही भेग अंधारात दिसत नाही. पुढचा बर्फ काठीने ठोकून पाहावा लागतो. खाऱ्या पाण्याचा नवा बर्फ काचेसारखा तडकत नाही, तो पायाखाली लवतो. जाणत्याला ही सूचना पुरते. काठी एका ठोशात आरपार गेली, तर मागे फिरायचं.

दुसरा धोका वाऱ्याचा. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा जोराचा वारा अख्खा बर्फ सुटा करून खोल पाण्याकडे नेऊ शकतो. स्वालबार्डच्या पश्चिम किनाऱ्याला अटलांटिकचा उबदार प्रवाह येऊन भिडतो. त्यामुळे या अक्षांशाच्या मानाने तिथली थंडी सौम्य आणि बर्फ बेभरवशाचा. थर्मामीटर उणे २० दाखवत असेल आणि वारा ताशी ३६ किलोमीटरचा असेल, तर उघड्या कातडीला उणे ३३-३४ इतका गारठा जाणवतो. म्हणून निघायचं की थांबायचं, हे शिकारी तापमानापेक्षा वाऱ्यावरून ठरवतो.

७. अन्न : दोन कहाण्या

हिवाळ्यातला मोठा शत्रू स्कर्व्ही. ताज्या अन्नातलं क जीवनसत्त्व मिळालं नाही की हिरड्या सुजतात, जुन्या जखमा उघडतात आणि माणूस खंगून जातो.

१७४३ साली चार पोमोर शिकारी स्वालबार्डच्या पूर्वेकडच्या बेटावर अडकले. जवळ शिधा अगदी थोडा होता. ताजं मांस, रेनडियरचं गरम रक्त, बेटावरचा पाला यांवर त्यांनी सहा वर्षं काढली. १७४९ मध्ये तिघे जिवंत परतले. जो चौथा मेला, त्याला रक्त पिणं जमत नव्हतं.

याच्या उलट १८७२ च्या शरदात बर्फात अडकलेले १७ नॉर्वेजियन दर्यावर्दी थोर्डसेन भूशिराजवळच्या घरात येऊन राहिले. घर पक्कं होतं आणि डबाबंद अन्न भरपूर होतं. उन्हाळ्यापर्यंत सगळे मेले. शंभर वर्षांहून अधिक काळ दोष स्कर्व्हीला दिला गेला. २००८ मध्ये अवशेष तपासल्यावर हाडांत शिसं सापडलं, आणि ते डब्यांच्या डाखातून अन्नात उतरल्याचा निष्कर्ष निघाला.

म्हणून जुना शिकारी ताज्या मांसाला औषध मानायचा. पण तिथेही पथ्य होतं. ध्रुवीय अस्वलाचं यकृत खायचं नाही. त्यात अ जीवनसत्त्व इतकं असतं की विषबाधा होते. अस्वलाचं मांस पूर्ण शिजवायचं, नाहीतर त्यातले बारीक जंत माणसाच्या स्नायूंत घर करतात.

८. एकट्याचे नियम

एकट्या माणसाच्या चुकीला दुरुस्ती नसते. त्यामुळे काही रिवाज पडले. झोपडी सोडताना स्टोव्हशेजारी कोरडी काटकी, फोडलेलं लाकूड आणि काडेपेटी ठेवूनच निघायचं. पुढच्या खेपेला बोटं बधिर झालेली असतील आणि चाकू धरता येणार नाही, हे धरूनच. शिधा आणि रॉकेल शरदातच होडीने प्रत्येक झोपडीत पोचवायचं, म्हणजे घसरगाडी हलकी राहते. घाम येईल इतकं भरभर चालायचं नाही, कारण थांबताच तो घाम अंगावर गोठतो. फावडं दाराच्या आत ठेवायचं, बाहेर नाही. रात्रीत दार बर्फाने बुजलं तर ते आतूनच उकरावं लागतं.

मनाचं काय? ऑस्ट्रियाची चित्रकार क्रिस्टियाने रिटर १९३४-३५ चा हिवाळा ग्रोहुकेनच्या किनाऱ्यावर नवरा आणि आणखी एका शिकाऱ्यासोबत राहिली. ती झोपडी हिल्मार नोइसनेच १९२८ मध्ये बांधलेली. दोघे पुरुष फेरीवर गेले की ती दिवसचे दिवस एकटी असे, वादळातही. त्या अनुभवावरचं तिचं पुस्तक आजही वाचलं जातं. दार उकरणं, स्टोव्ह जागता ठेवणं अशा रोजच्या कामांनी तिला सावरून धरलं. नॉर्वेतल्या ट्रोम्सोमध्ये टॅक्सी चालवणारी वानी वोल्डस्टाड तर १९३२ पासून हॉर्नसुंदच्या किनाऱ्यावर स्वतः शिकारीण म्हणून पाच हिवाळे राहिली.

९. आता काय उरलं?

बरंच बदललं. अस्वलासाठी खोक्यात बंदूक बसवून तिच्या चापाला दोरीने आमिष बांधत. ही पद्धत १९७० मध्ये बंद झाली. १९७३ पासून अस्वलाला पूर्ण संरक्षण आहे. फरची मागणी ओसरली. नॉर्वेने २०१९ मध्ये फरसाठी प्राणी पाळण्यावरच बंदीचा कायदा केला. स्वालबार्डवर कोल्हे पकडायला १ नोव्हेंबर ते १५ मार्च परवानगी असते, पण नुसत्या कातड्यांवर पोट भरत नाही. शासनाच्या ताब्यातल्या काही जुन्या ठाण्यांवर अर्जदारांना वर्षभर राहू दिलं जातं. पकडलेल्या कोल्ह्यांची शवं संशोधकांकडे जातात. त्यांवरून वय, पिल्लांचं प्रमाण आणि रोग कळतात. १९८० मध्ये इथल्या कोल्ह्यांत रेबीज आढळल्यापासून ही तपासणी महत्त्वाची झाली आहे.

पायांचं गणित मात्र तेच आहे, फक्त त्यातले आकडे बदलत आहेत. २००६ नंतर पश्चिमेकडचे बरेच फ्योर्ड पूर्वीसारखे गोठत नाहीत. समजा, एखादा फ्योर्ड १० किलोमीटर रुंद आहे. तो गोठला असेल तर पलीकडची झोपडी एका दिवसाच्या आत गाठता येते. पाणी उघडं असेल तर काठाने वळसा घालून ४५ किलोमीटर जावं लागतं. म्हणजे तीन दिवस आणि मध्ये दोन नव्या झोपड्या. जायचे-यायचे मिळून फेरी चार दिवसांनी लांबते आणि चंद्राच्या मुक्कामात बसेनाशी होते. कोल्हे पूर्वीइतकेच असले, तरी ती वाट एकट्या माणसासाठी तिथे संपते.